गोळ्यांवर विणलेली कुर्ती

खोपोलीच्या शिळफाट्यावर एका मेडिकलच्या काउंटरला मी सोळा वर्षं उभी आहे. दुकान दुसऱ्याचं, नोकरी माझी. डी.फार्म. झालेली आहे, त्यामुळे डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं आणि कुठली गोळी कशावर, कुठली कशासोबत चालत नाही, हे झोपेतही सांगू शकते.

मला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे धरतात तो नव्हे. हा दुसरा असतो, चाळिशीच्या आसपासच्या बाईला गाठतो, सांधे आतून कुरतडतो. तो बरा होत नाही. औषधांनी दाबून ठेवता येतो, तेही वेळेत गेलं तर.

आजारपणावर लिहिणारे बरेच जण शेवटी म्हणतात, आजारानं मला खूप काही शिकवलं. मला काही शिकवलं नाही. जे कळायला हवं होतं ते मला आधीच माहीत होतं. गिऱ्हाइकांना मी तेच सांगत आले होते, मनानं गोळ्या घेऊ नका. तरी मी काय केलं ते खाली लिहिते.

मूठ

सुरुवात गणपतीत झाली. मोदकांना कळ्या पाडता येईनात. मला वाटलं उकड घट्ट झाली असेल. मग सकाळी उठल्यावर मूठ मिटेना. टूथपेस्टचं झाकण माझी मुलगी मृणाल उघडून द्यायची. नऊ वाजेपर्यंत बोटं जरा सैल व्हायची, पण माझा दिवस पाचला सुरू व्हायचा. तीन डबे, सासूबाईंचा चहा-नाश्ता, माझे मिस्टर संदीप यांची कंपनीतली शिफ्ट, मृणालचं बारावीचं वर्ष. नऊला शेअर रिक्षा पकडून शिळफाटा, रात्री साडेआठला दुकान बंद. या सगळ्यात मूठ मिटत नाही हे सांगायला वेळ कुठला, आणि सांगणार कुणाला? सांगितलं तर उत्तर ठरलेलं होतं. "तूच मेडिकलात, तूच घे ना एखादी गोळी."

घेत होतेच. दुखण्याची साधी गोळी, आधी एक, मग दोन.

माझं माहेर कशेळ्याजवळ. भाऊबीजेला गेले तेव्हा आईनं माझे हात बघितले आणि ओढतच कशेळ्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. सत्तरीचे गृहस्थ, एका खोलीचा दवाखाना, बाहेर एक लांब बाक. त्यांनी माझं एकेक बोट दाबून बघितलं, दोन्ही हातांचं.

"दोन्हीकडे सारखं सुजलंय," ते म्हणाले. "हे साधं नाही, पोरी. रक्त तपासून घे आणि पनवेलला सांध्यांच्या डॉक्टरकडे जा. या आठवड्यात जा."

चिठ्ठी लिहून दिली. मी ती घडी करून पर्समध्ये ठेवली. आठवड्यात जमलं नाही. रविवारी दुकान अर्धा दिवस असायचं, आणि त्या अर्ध्या दिवसात आठवड्याचे कपडे, दळण, सासूबाईंची अंघोळ. मग महिना गेला. मग चिठ्ठी पर्समध्ये आहे हेच विसरले.

कुर्ती

विणकाम मला लहानपणापासून येतं. आजवर जे विणलं ते दुसऱ्यांसाठी आणि लोकरीचं. जावेच्या बाळाला टोपडं, नणंदेच्या मुलाला स्वेटर, संदीपना मफलर. आमच्याकडे थंडी पडते किती, तर पंधरा दिवस. बाकी सगळं कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत.

माझ्या वाढदिवसाला मृणालनं मोबाइलवरून सुती दोरा मागवला. कैरीच्या गरासारखा फिकट रंग. सोबत एक चित्र दाखवलं, बिनबाह्यांची कुर्ती, समोर गळ्यापासून खालपर्यंत जाळीची वीण. "उन्हाळ्यात दुकानात घालून जा," ती म्हणाली. दुकानाला वर पत्रा, पुढे काच, आणि पंखा एकच, तोही मालकांच्या खुर्चीकडे वळवलेला. एप्रिलमध्ये माझा ड्रेस पाठीला चिकटलेला असतो तो घरी येईपर्यंत सुटत नाही.

मी टाके घातले त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "कोनासाठी गं?"

"माझ्यासाठी."

"तुला?" एवढंच म्हणाल्या. पण त्या एका शब्दात सगळं होतं. जणू मी चोरून दागिना घडवायला टाकला होता.

रिक्षात विणायचे, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता विणायचे, दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा विणायचे. एका ओळीला पंधरा मिनिटं लागत होती. सुई बोटात धरली की सांध्यात काच घुसल्यासारखं व्हायचं. टाके सुटायचे, उसवायचे, परत घालायचे.

जानेवारीत सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि त्या अंथरुणाला खिळल्या. आता पाचऐवजी चारला उठायचं. त्यांना कुशीवर वळवायचं, चादर बदलायची. एकदा वळवताना माझ्या मनगटातून अशी कळ गेली की हात सुटला. त्या पलंगाच्या कडेला आदळल्या.

"तुला नकोशी झालेय मी," त्या म्हणाल्या.

हात दुखतो हे कारण कुणाला खरं वाटलं असतं? हात तर बाहेरून नुसता जरा सुजलेला दिसत होता.

ड्रॉवर

दुकानात एक ड्रॉवर असतो, कापून उरलेल्या पट्ट्यांचा. फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी त्यातून स्टेरॉइडची अर्धी पट्टी काढली. बारीक पांढऱ्या गोळ्या. कुणी लिहून दिल्या नव्हत्या. दुखण्याच्या गोळ्या चालूच होत्या आणि दोन्ही एकत्र घेतल्यावर पोटाचं काय होतं हे मला पाठ होतं. मनाशी म्हटलं, मृणालची परीक्षा होईपर्यंतच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मूठ मिटली.

ज्यांना हा आजार आहे त्यांनाच कळेल मी काय म्हणते ते. मी न्हाणीघरात स्टुलावर बसून दहा मिनिटं नुसती मूठ उघडत-मिटत होते. रडले. मग उठून तीन डबे केले, सासूबाईंना एका दमात वळवलं आणि रिक्षात आठ ओळी विणल्या. आठ दिवसांत पाठ पूर्ण झाली. समोरची जाळी इतकी एकसारखी पडत होती की रिक्षातल्या अनोळखी बायका विचारायच्या, कुठं शिकलात?

मला सगळ्यात वाईट वाटतं ते याचं, की ते अडीच महिने फार छान होते.

माझा चेहरा गोल होऊ लागला. गाल वर आले, हनुवटीखाली सूज. या गोळ्यांचीच ती खूण, काउंटरवर मी दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर लगेच ओळखते. पण लोक काय म्हणाले? मालक म्हणाले, "मॅडम, तब्येत सुधारली." कळंबला दिलेली माझी थोरली नणंद, लताताई, आईला बघायला आली तेव्हा माझे गाल ओढून म्हणाली, "आता कशी खात्यापित्या घरची वाटतेस गं!" वीस वर्षांच्या संसारात तिनं केलेलं माझं हे पहिलं कौतुक. ते विषाचं होतं.

मृणालची परीक्षा मार्चमध्ये संपली. गोळ्या चालूच राहिल्या.

एप्रिल

तीन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. त्याचा अर्थही मला माहीत होता. मी स्वतःला सांगितलं, पालक खाल्ला होता.

चौथ्या दिवशी दुपारी एका माणसाला औषधाची पुडी देताना डोळ्यांसमोर अंधारी आली. स्टुलावर बसले आणि तिथेच उलटी झाली, चहाच्या चोथ्यासारखी काळपट. काउंटरवर, बिलाच्या मशीनवर. गिऱ्हाईक मागे सरकलं. मालक धावत आले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "आधी आत घ्या यांना, रस्त्यावरून दिसतंय."

त्यांच्याच गाडीतून मला पनवेलच्या एका रुग्णालयात नेलं, हेही सांगायला हवं. गाडीत सीटवर प्लास्टिक अंथरायला ते विसरले नाहीत.

पोटात नळी घालून बघितलं. जखमा होत्या, रक्त वाहत होतं. दोन बाटल्या रक्त चढवलं. तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर बाई आल्या. त्या पोटाकडे बघण्याऐवजी माझ्या हातांकडे बघत राहिल्या. रक्त पुन्हा घेतलं, हातांचे एक्स-रे काढले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आजाराचं नाव सांगितलं.

मी ते नाव हजार चिठ्ठ्यांवर वाचलं होतं. स्वतःबद्दल ऐकताना मात्र पहिला विचार आला तो फार क्षुद्र होता. आता भाकरी कोण थापणार?

"उजव्या हाताच्या दोन बोटांची हाडं झिजायला लागलीत," त्या म्हणाल्या. "तिथं जे गेलं ते परत येणार नाही. बाकीचं वाचवू. पण मला एक सांगा, या स्टेरॉइडच्या गोळ्या तुम्हाला कुणी दिल्या?"

पलंगाच्या पायथ्याशी संदीप उभे होते.

"गावाकडे एक डॉक्टर आहेत," मी म्हणाले.

"नाव?"

मी डोळे मिटून घेतले. थकले असेन असं समजून त्या गेल्या. संदीपच्या जबड्याची शीर मात्र उडत होती. "त्याला मी सोडत नाही," ते म्हणाले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य लागलं असतं.

वॉर्ड

रुग्णालयात आठ दिवस होते. सकाळी पाचला ताप मोजायला यायचे, सहाला रक्त, सातला बेचव चहा. बेल दाबायला अंगठ्यात जोर नव्हता, म्हणून मी हाका मारायचे. हाका मारायची लाज वाटायची, म्हणून मग मारायचे नाही. एका रात्री तहान लागली असताना पाण्याची बाटली उशाशी होती आणि तिचं झाकण मला उघडता आलं नाही. सकाळपर्यंत ती बाटली बघत पडले.

तिथल्या आया मावशींनी ते सकाळी ओळखलं. काही न विचारता त्यांनी सगळ्या बाटल्यांची झाकणं सैल करून ठेवली आणि पुढे रोज तसंच केलं. माझे केस पाच दिवस विंचरलेले नव्हते. त्यांनी वेणी घातली, घट्ट, शाळेत घालतात तशी. "हातानं जमत नाय तर बोलायचं, पोरी," त्या म्हणाल्या. "तोंड तरी बरं हाय ना?" त्या आठ दिवसांत मी हसले ते एवढंच.

घरून जे कुणी भेटायला आलं त्यानं कारण शोधूनच आणलं होतं. बसून विणत होती म्हणून हात गेले. गार पाण्यात कपडे धुतले म्हणून. दही खाते म्हणून. संदीपनी डॉक्टर बाईंना विचारलंच, "हे त्या सुयांमुळंच ना?" त्यांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. विणकामानं हा आजार होत नाही, जमेल तितकी बोटं हलती ठेवा. संदीपनी मान डोलावली, पण घरी पोचला तो त्यांचा स्वतःचा निष्कर्ष.

वेल

घरी आले. लताताई घर सांभाळायला येऊन राहिली होती, आणि तिनं खरंच राबून सांभाळलं होतं. सासूबाईंची पाठ स्वच्छ, भांडी लखलखीत. मी विणकामाची पिशवी शोधली. सुया होत्या. कुर्ती नव्हती.

"ती होय?" लताताई म्हणाली. "उसवली मी. तुला आता बंदच करायचंय ना ते. दोरा चांगला होता, म्हटलं वाया कशाला घालवायचा?"

"कुठाय दोरा?"

ती मला परसात घेऊन गेली. कारल्याच्या वेलांना मांडव केला होता. वरचे बांबू, खालच्या काठ्या, सगळं त्या फिकट दोऱ्यानं बांधलेलं. पाठ, समोरची जाळी, गळ्याचे घातलेले टाके, सगळं उन्हात ताणून बसलं होतं. वेल छान चढले होते.

ती आठ दिवस माझ्या सासूचं हगणं-मुतणं काढत होती, बोलणार काय? मृणाल मात्र ओरडली, "आत्या, ते मम्मीचं होतं!" लताताई गोंधळून बघत राहिली. तिला खरंच कळेना की चूक काय झाली. त्या घरात "मम्मीचं" असं काही असतं हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

चिठ्ठी

मेमधल्या एका संध्याकाळी संदीप कामावरून उशिरा आले. चेहऱ्यावर खूप दिवसांनी समाधान होतं.

"आज त्या डॉक्टरला दाखवला इंगा."

"कुठल्या?"

"तुझ्या पर्समध्ये चिठ्ठी मिळाली ना. कशेळ्याचा. मी आणि दिनू गेलो होतो." दिनू त्यांचा कंपनीतला मित्र. "भरल्या दवाखान्यात विचारलं त्याला, माझ्या बायकोला काय विष दिलंस? टेबलावरचे कागद उचलून फेकले. लोकांना सांगितलं, याच्याकडे येऊ नका, मराल."

"काय म्हणाले ते?"

"काय म्हणणार? चिठ्ठी वाचा, म्हणाला. एवढंच. मी कशाला वाचू? ते अक्षर वाचायला येतं कुणाला?"

मला येत होतं. त्या चिठ्ठीवर तपासण्यांची नावं होती आणि खाली दोनदा अधोरेखित केलेलं, या आठवड्यात. साऱ्या जगात एकाच माणसानं माझा आजार वेळेत ओळखला होता, आणि माझ्या नवऱ्यानं त्याच्या तोंडावर कागद फेकले होते.

त्याही संध्याकाळी मी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "जावई डॉक्टरांच्या अंगावर धावून गेलं म्हनं? सगळ्या कशेळ्यात बोलतात. काय दिलं गं त्यांनी तुला? मी तर सोबत होते, चिठ्ठीबिगर कायच नाय दिलं!"

संदीप अंगणात दाढी करत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अहो, त्या गोळ्या मी घेतल्या. दुकानातून. माझ्या हातानं."

त्यांनी आरसा खाली ठेवला. अर्ध्या गालाला साबण तसाच. मला वाटलं ते विचारतील, का घेतल्यास? इतकं दुखत होतं तर मला का नाही सांगितलंस? त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं.

"आता दिनूला काय सांगू मी?" ते म्हणाले.

मग उरलेली दाढी उरकून म्हणाले, "हे घरात कुणाला बोलू नको. आणि मी परत त्या दवाखान्यात जाणार नाही. माफी मागायची तर तू माग."

आठ दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. नंतर सुरू झालं, गॅस संपला, मृणालचा फॉर्म भरायचा, अशा गोष्टींवरून. पण त्या विषयावर आम्ही दोघांनी मिळून जे कुलूप घातलं ते घातलंच. खोटं माझं होतं, आता दोघांचं झालं.

वर्ष

औषध आठवड्यातून एकदा असतं. रविवारी घेते, सोमवारी दिवसभर तोंडाला कडू पाणी सुटतं. पहिले तीन महिने काही फरक पडला नाही. या औषधाला वेळ लागतो, धीर सोडू नका, हे ज्यांनी नुकतं सुरू केलंय त्यांना मुद्दाम सांगते. आणि मनानं बंद करू नका. मध्येच मला वाटलं होतं, फेकून द्यावं आणि त्या बारीक गोळ्यांकडे परत जावं. ड्रॉवर तिथेच होता.

मालकांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्याच दिवशी त्यांनी एका ट्रकवाल्याला चिठ्ठीशिवाय त्याच गोळ्यांची पट्टी दिली. माझी नोकरी अर्ध्या दिवसाची केली. मी ती नोकरी सोडली नाही, कारण या हातांना दुसरीकडे कुणी घेणार नाही हे त्यांनाही कळतं आणि मलाही.

श्रावणात मी जाड सुया आणल्या आणि परत टाके घातले. आजाराला हरवायला वगैरे नव्हे. राग होता, तो कुठेतरी काढायचा होता. वेलांवरचा दोरा सोडवला, धुतला, कमी पडला तो नवीन आणला. दिवसाला चार ओळी, कधी दोन. दिवाळीनंतर औषध लागू पडलं आणि बोटं हळूहळू सैल झाली, ती दोन सोडून. ती वाकडीच आहेत. कुर्ती होळीला संपली. एक मुंढा मोठा, एक लहान. जुना दोरा पिवळसर, नवा उजळ, पट्टे दिसतात. गोळ्यांवर विणलेल्या त्या जाळीची सर तिला नाही. पण गार वाटते. मी ती घालून दुकानात जाते. संदीपनी बघितली आणि म्हणाले, "बरी झालीय." सासूबाई आता काठी घेऊन चालतात. त्या काही म्हणाल्या नाहीत.

बाक

कशेळ्याला जायला मला अकरा महिने लागले. आधी पाय सुजलेले होते. मग पाऊस होता. मग सण होते. खरं कारण भित्रेपणा, दुसरं नाही. आईशी फोनवरही मी डॉक्टरांचा विषय टाळत आले होते.

गेले तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं. बाहेरचा बाकही नव्हता. शेजारच्या चहावाल्याला विचारलं.

"डॉक्टर ना? गेलं ते लेकाकडं, डोंबिवलीला. दिवाळीतच गेलं." तो कप विसळत होता. "मागं कोन तरी राडा करून गेला नाय का, तवापास्नं मानसं येईनाशी झाली. आन् वय पन झालं व्हतं."

नंबर त्याच्याकडे होता. मी आईच्या घरी जाऊन, दार लावून फोन लावला. नाव सांगितलं. ते लगेच ओळखतील असं मला वाटलं नव्हतं.

"हात कसे आहेत?" त्यांनी आधी हेच विचारलं.

मी सांगितलं. कुठलं औषध, किती महिने, कुठली दोन बोटं. मग उरलेलंही सांगितलं. गोळ्या मीच घेतल्या होत्या, तुमचं नाव मी घेतलं नव्हतं पण नाकारलंही नाही, मला माफ करा.

पलीकडे कुठेतरी टीव्ही चालू होता.

"मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी काय दिलं आणि काय नाही हे मला माहीतच होतं. त्या दिवशी बाकावर सात माणसं होती. त्यांना सांगायला हवं होतंस."

"मी आता सांगते."

"सांग," म्हणाले, आणि फोन ठेवला.

सात माणसं कोण हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कशेळ्याच्या नाक्यावर विचारत विचारत आतापर्यंत तिघं सापडली. एक जीपवाला. तो हसला, म्हणाला, "मला तर आठवत पन नाय, ताई." एक आजोबा, ऐकू कमी येतं, त्यांना मी कोण आणि काय सांगतेय हेच शेवटपर्यंत कळलं नाही. उरलेल्या चौघांपैकी कुणाच्या घरात हे वाचलं जाईल की नाही कोण जाणे, पण म्हणूनही हे लिहिलं.

तिसरी होती वाडीवरची एक बाई. मे महिन्यात नाक्यावर करवंदं घेऊन बसली होती, मांडीवर मूल. तिला तो दिवस चांगला आठवत होता. त्या दिवशी ती मुलाला न दाखवताच उठून गेली होती, आणि परत कधी त्या दवाखान्यात आली नव्हती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, गुडघे दुखत होते तरी. सगळं सांगितलं. डॉक्टरांचा काही दोष नव्हता, दोष माझा.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. पानांच्या द्रोणातली करवंदं सारखी केली.

"मंग आता त्याला परत आन," ती म्हणाली. "पोराला ताप आला का कर्जत गाठाया लागतं मला."

आणि ती माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलू लागली.